बंदिवासाची प्रतबंदी

शेतकीच्या मासिकांत तुरुंगाचें काय काम, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यास उत्तर असें कीं, काम आहे आणि तें दुहेरी आहे. जिल्ह्याच्या कोर्टांत खुनाचे व जबर मारामारीचे जे खटले उभे राहतात, त्यांतील पुष्कळांचें मूळ शोधीत गेल्यास तें एखाद्या बांधावर, पाटाच्या पाळीवर, विहिरीच्या हिश्श्यावर किंवा गाडीवाटेच्या वहिवाटीवर जाऊन थांबतें. म्हणजे तुरुंगांत जाणारा इसम अनेकदां आपल्यांतलाच असतो. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, तुरुंगाचा जो सर्वांत सौम्य प्रकार आहे त्यास भिंत नसून शेत असतें, आणि त्या शेतावर राबणारा कैदी आपल्यापेक्षां निराळें कांहीं करीत नाहीं. तेव्हां हा विषय परका मानण्याचें कारण दिसत नाहीं.

खेड्यांत सर्वसाधारण समजूत अशी कीं, तुरुंग म्हणजे तुरुंग. आंत गेला तो गेला. ही समजूत बरोबर नाहीं. शिक्षा किती वर्षांची हें कोर्ट ठरवितें. ती कोणत्या भिंतीआड भोगावयाची हें तुरुंगखातें ठरवितें. हे दोन निकाल वेगळे आहेत, आणि दुसरा निकाल पहिल्याहून कमी महत्त्वाचा आहे असें कोणी समजूं नये. एकाच कलमाखालीं जन्मठेप झालेल्या दोघां भावांपैकीं एक दहा वर्षें एका कोठडींत काढतो आणि दुसरा त्याच दहा वर्षांतील निम्मी वर्षें भुईमुगाला पाणी देत काढतो, असें घडूं शकतें. यांत लबाडी नाहीं. ही प्रतबंदी आहे.

प्रतबंदी हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे, कारण तीस वर्षांवर महसूल खात्यांत कारकुनी केल्यावर माणसास सर्वत्र प्रतच दिसूं लागते. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अंमलदारांनीं इंदापूर तालुक्यांत जमीनमोजणीची जी पद्धत घातली, तिचें मर्म हेंच होतें. त्यापूर्वीं प्रिंगल यांनीं जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बसवून सारा ठरविला होता. तो हिशेब कागदावर उत्तम व रानांत निरुपयोगी ठरला आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. नव्या पद्धतींत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागांत मातीची खोली पाहावयाची, रंग पाहावयाचा, चुनखड, वाळू, उतार, पाणथळ वगैरे दोष असतील तितके वजा करावयाचे, आणि मग नऊ प्रतींपैकीं एक प्रत लावावयाची. सोळा आण्यांच्या काळ्या जमिनीला व दोन-तीन आण्यांच्या बरडीला एकच सारा लावला तर बरडीचा धनी बुडतो, आणि काळीचा धनी फुकट सुटतो. कैद्यांचेंही तसेंच आहे. सर्वांवर सारखाच पहारा ठेवला तर गरीब प्रकृतीचा मनुष्य विनाकारण चिरडला जातो, आणि खरा धोक्याचा मनुष्य गर्दींत लपून राहतो. पहारेकरी, कुलुपें व पैसा या तिन्ही वस्तू मोजक्याच असतात.

या विषयांत इंग्लंडची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तेथें ही प्रतबंदी एका फजितींतून जन्मास आली. १९६३ च्या आगस्टांत तेथें टपालाच्या आगगाडीवर मोठा दरोडा पडला. दरोडेखोर धरले गेले, त्यांस दीर्घ शिक्षा झाल्या. परंतु १९६४ त एक व १९६५ त दुसरा असे त्यांतले दोघे तुरुंगांतून निसटले. त्यावर कळस म्हणून २२ आक्टोबर १९६६ रोजीं लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगांतून जॉर्ज ब्लेक हा पळाला. हा मनुष्य सरकारच्या गुप्त खात्यांत असून रशियाचा हेर निघाला होता, आणि त्यास १९६१ त ४२ वर्षांची सजा झाली होती. तो कसा पळाला हें ऐकण्यासारखें आहे. आधींच सुटलेल्या एका सोबत्यानें भिंतीवरून दोराची शिडी आंत टाकली. त्या शिडीच्या पायऱ्या ताठ राहाव्या म्हणून त्यांस बायकांच्या विणकामाच्या सुया बसविल्या होत्या. उडी टाकतांना ब्लेकचें मनगट मोडलें, पण तो गेला तो गेलाच. २०२० सालीं मॉस्कोंत वारला. एवढ्या मोठ्या सरकारची अब्रू विणकामाच्या सुयांवरून उतरून गेली!

मग चौकशी नेमली. ती लॉर्ड मौंटबॅटन यांजकडे दिली. हेच ते आपले अखेरचे व्हाइसरॉय. डिसेंबर १९६६ त त्यांनीं अहवाल दिला आणि कैद्यांच्या चार प्रती सुचविल्या. जो पळाल्यास जनतेला, पोलिसांना किंवा राज्याच्या सुरक्षिततेला मोठा धोका आहे तो पहिल्या म्हणजे अ प्रतीचा. ज्याला परमावधीचा बंदोबस्त नको, पण ज्याचें पळणें अत्यंत अवघड करून ठेविलें पाहिजे तो ब प्रतीचा. ज्यावर उघड्यावर सोडण्याइतका भरंवसा नाहीं, परंतु निकरानें पळून जाण्याची ज्याची धडपडही नाहीं व ऐपतही नाहीं तो क प्रतीचा. आणि ज्याला उघड्यावर ठेवला तरी तो जाणार नाहीं असें वाजवीपणें म्हणतां येईल तो ड प्रतीचा. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, येथें मनुष्यानें काय केलें हा प्रश्न नाहीं. तो पळाला तर काय होईल आणि तो पळूं पाहील कीं काय, हे दोन प्रश्न आहेत. गुन्हा हा त्या प्रश्नांच्या उत्तरांतील एक पुरावा, इतकेंच. ज्यानें रागाच्या भरांत एक खून केला आणि जन्मांत दुसऱ्या कोणास चापट मारणार नाहीं, असा मनुष्य कालांतरानें ड प्रतींत बसतो. आणि ज्याच्या हातून एक थेंब रक्त सांडलें नाहीं, पण ज्याचे साथीदार बाहेर मोटार घेऊन उभे आहेत, तो अ प्रतींत राहतो.

अ प्रतीच्या सर्वांना एकाच अभेद्य किल्ल्यांत कोंडावें, आणि तो किल्ला वाइट नांवाच्या बेटावर बांधावा, अशी मौंटबॅटन यांची शिफारस होती. ती मानली गेली नाहीं. १९६८ त रॅडझिनोविच यांच्या समितीनें उलट मत दिलें कीं, असे लोक एकत्र ठेवण्यापेक्षां चार-सहा भक्कम तुरुंगांत वांटून ठेवावे, म्हणजे एकाच जागीं सगळें विष सांचणार नाहीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं व मिटेल असें वाटत नाहीं. वांटून ठेवले तर त्या प्रत्येक तुरुंगांतल्या इतर शेकडों कैद्यांस त्यांच्यासाठीं केलेला कडक बंदोबस्त सोसावा लागतो. एका ओढाळ गुरासाठीं साऱ्या कळपाच्या गळ्यांत लोढणें बांधावें त्यांतला हा प्रकार.

बरें, भिंत उंच केली म्हणजे काम भागलें असेंही नाहीं. १९९४ च्या सप्टेंबरांत त्याच इंग्लंडांत व्हाइटमूर येथील तुरुंगांत, आणि तेंही तुरुंगाच्या आंत बांधलेल्या खास तुरुंगांतून, सहा कैदी पिस्तुलें घेऊन बाहेर पडले. थोड्याच तासांत सर्व परत धरले गेले. चौकशींत निघालें काय? भिंत ठीक होती; झडत्या ढिल्या झाल्या होत्या. कैद्यांस न दुखविण्याच्या संवयीनें पहारेकरी त्यांचा बाजारहाट देखील करून देत होते. साप कुंपणाच्या तारेंतून येत नाहीं, उघड्या राहिलेल्या फाटकांतून येतो.

आतां ड प्रतीकडे वळूं, कारण आमच्या वाचकांस खरा रस येथें आहे. इंग्लंडांत उघडे तुरुंग या प्रतबंदीच्या पूर्वींपासून, म्हणजे १९३० च्या दशकापासून होते. त्यांतील एकाची कथा कोंकणांतील खारवाल्यांनीं अवश्य वाचावी. १९३५ सालीं स्टॅफर्ड गांवाहून तरुण गुन्हेगारांची एक टोळी अधिकाऱ्यांसह पायीं चालत निघाली, आणि लिंकनशायरच्या किनाऱ्यावर फ्रीस्टन येथें समुद्रकांठच्या चिखलांत येऊन तंबू ठोकून राहिली. काम काय, तर समुद्राला बांध घालून जमीन काढावयाची. फावडें, चिखल, थंड वारा आणि भरती-ओहोटी. भिंत कसली नाहीं, कारण बांधावयाची भिंत तीच होती आणि ती माणसांकरितां नसून समुद्राकरितां होती. बांध उभा राहिला कीं आंतील खारटपणा पावसानें धुवून जाण्याची वाट पाहावयाची, गवत येऊं द्यावयाचें, आणि मग नांगर. आमच्याकडे ठाणें, कुलाबा, रत्नागिरीकडील खाजणांत हेंच काम पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे. बांधाला एक भगदाड पडलें कीं तीन वर्षें भात विसरावें लागतें हें तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्या मुलांनीं काढलेल्या जमिनींत पुढें पिकें उभीं राहिलीं. ती जागा पुढें प्रौढ कैद्यांचा उघडा तुरुंग झाली, आणि नॉर्थ सी कँप याच नांवानें आजही चालू आहे.

येथें एक शंका साहजिक येते. भिंत नाहीं तर ते पळत कां नाहींत? कांहीं पळतात, नाहीं म्हणणें खोटेपणाचें होईल. परंतु पळून गेलेला धरला गेला कीं त्याची प्रत उतरते, तो पुन्हा बंद तुरुंगांत जातो, आणि सुटकेचा जवळ आलेला दिवस दूर जातो. ज्याची सुटका डोळ्यांसमोर आहे त्यास पळण्यांत नुकसान आहे. हिशेब सावकारीसारखा आहे: ज्याचें गहाण सुटावयास दोन हप्ते राहिले तो हप्ता चुकवीत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. औंध संस्थानांत १९३९ सालीं आटपाडी येथें स्वतंत्रपूर या नांवाची वसाहत निघाली. त्या वर्षीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं प्रजेला राज्यकारभार सोंपविणारी नवी राज्यघटना दिली होती. तिच्यामागें त्यांचे चिरंजीव आपासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नांवाचे पोलंडांतून आलेले एक इंजिनियर गृहस्थ होते. स्वतंत्रपूरच्या कल्पनेंतही फ्रिडमन यांचा मोठा हात होता. कैद्यांस बेडीवांचून माळरानावर आणावयाचें, घर द्यावयाचें, जमीन द्यावयाची, बायकामुलें आणूं द्यावयाचीं, आणि कसावयास सांगावयाचें. आटपाडीचा मुलूख म्हणजे माणदेश. पाऊस म्हणाल तर आला तर आला. आज तेथील डाळिंबें देशोदेशीं जातात, पण १९३९ चा माळ डोळ्यांसमोर आणावा. तशा जागेंत खुनाच्या कैद्यांस जमीन देणें यांत औदार्य किती व परीक्षा किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. वसाहत टिकली. संस्थान १९४८ त मुंबई इलाख्यांत विलीन झालें, तरी वसाहत गेली नाहीं, आणि आज ती महाराष्ट्र राज्याच्या तुरुंगखात्याकडे आहे. तिच्यावरून सुचलेला ‘दो आंखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा बोलपट १९५७ त निघाला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर तर त्याच मुलखांतले. बोलपट पुष्कळांनीं पाहिला आहे. तो पाहून रडलेल्यांपैकीं आटपाडीस ती जागा अद्याप आहे हें किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

याखेरीज गोदाकांठीं पैठण येथें, जायकवाडीचें धरण होत होतें त्या काळांत, खुलें कारागृह निघालें. येरवड्यासही एक आहे. येरवड्याचें उदाहरण विशेष बोधक आहे. १८७१ पासूनचा तो मध्यवर्ती तुरुंग. त्यांत महात्माजी राहिले आणि १९३२ चा पुणें करार त्याच आवारांत झाला. त्याच परिसरांत एका बाजूस अंडा म्हणून ओळखला जाणारा अतिबंदोबस्ताचा भाग, मधें हजारों सामान्य कैद्यांच्या बराकी, आणि बाहेर उघड्यावर शेती करणारे कैदी. एक मैलाच्या अंतरांत साऱ्या प्रती पाहावयास मिळतात. खुल्या कारागृहांत जाण्यासाठीं कैद्यानें कांहीं काळ बंद तुरुंगांत नीट काढलेला असावा लागतो, शरीर शेतकामास धड असावें लागतें, आणि कांहीं प्रकारच्या गुन्ह्यांतील व वारंवार गुन्हे करणारे लोक वगळले जातात. तेथें गेल्यावर मजुरी जास्त, माफीचे दिवस जास्त, आणि रात्रीं चांदणें दिसतें.

उत्तरेकडे संयुक्त प्रांतांत (म्हणजे आतांच्या उत्तर प्रदेशांत) संपूर्णानंद यांच्या प्रेरणेनें १९५२ च्या सुमारास काशीजवळ चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामीं कैद्यांची उघडी छावणी लावण्यांत आली. पुढें हेच गृहस्थ राजस्थानचे राज्यपाल झाले, आणि जयपुराजवळ सांगानेर येथें १९६३ त निघालेल्या खुल्या छावणीस त्यांचें नांव आहे. तेथला कैदी सकाळीं हजेरी देऊन बाहेर कामास जातो, स्वतः कमावतो, आपल्या कुटुंबाचें पोट भरतो आणि संध्याकाळीं हजेरीस परत येतो. मध्यप्रदेशांत मुंगावली येथें १९७३ त निघालेली छावणी तर चंबळच्या खोऱ्यांतील दरोडेखोरांकरितां होती. आदल्या वर्षीं जयप्रकाश नारायण यांच्यापुढें त्यांनीं शस्त्रें ठेविलीं होतीं. ज्यांच्या नांवानें तीन प्रांतांचे पोलीस जागत होते, त्यांस तारेच्या कुंपणावांचून ठेवण्याचें धाडस सरकारनें केलें. आपण होऊन आलेला मनुष्य पळून कोठें जाणार, हा त्यामागचा विचार होता, आणि आमच्या मतें तो बरोबर होता.

एवढें चांगलें सांगितल्यावर वाईटही सांगितलें पाहिजे. आपल्या प्रतबंदींत एक मोठा दोष आहे. जमीनमोजणीच्या भाषेंत बोलावयाचें तर, आपण खोली न पाहतां प्रत लावतों. खुलें कारागृह आहे तें पक्क्या कैद्यांसाठीं, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झाला त्यांच्यासाठीं. कच्चा कैदी, ज्याचा खटला अजून चालू आहे, तो कितीही गरीब स्वभावाचा असो, भिंतीआडच राहतो. २०२२ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या सर्व तुरुंगांत मिळून सुमारें ५ लाख ७३ हजार माणसें होतीं. त्यांपैकीं सुमारें ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. चार कैद्यांत तीन कच्चे! म्हणजे बांधाच्या भांडणांत नांव गोवलेला निरपराध भाऊ जामीनदाराअभावीं गच्च भरलेल्या बराकींत पाठीला पाठ लावून निजतो, आणि खून शाबीत झालेला भाऊ कालांतरानें मोकळ्या हवेंत नांगर धरतो. इंग्लंडांतही कच्चे कैदी बहुधा ब प्रतीच्याच स्थानिक तुरुंगांत ठेवतात, तेव्हां हा दोष आपला एकट्याचा नाहीं; परंतु तेथें कच्च्यांचें प्रमाण फारच कमी आहे. कच्च्या कैद्यावर भरंवसा ठेवावयाचा तो जामिनाच्या रूपानें ठेवावा अशी कायद्याची कल्पना आहे. ती कल्पना ज्याच्यापाशीं सातबारा आहे व ज्याच्यासाठीं कोणी कोर्टांत उभा राहतो त्याला उपयोगी पडते. भूमिहीन मजुराला पडत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें पूर्वीं कधीं शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानें त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगांत काढला असल्यास त्यास जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. ज्या गुन्ह्यांस फांशी किंवा जन्मठेप सांगितली आहे त्यांस ती लागू नाहीं, आणि एकाहून अधिक खटले चालू असल्यासही नाहीं. बाकीच्यांच्या घरच्यांनीं ती वकिलास विचारावी. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास तो सरकारी खर्चानें मिळतो.

यापुढचा भाग अधिक नाजूक आहे. ज्याच्या हातून वेडाच्या भरांत गुन्हा घडला त्याला कोठें ठेवावयाचें?

१८४३ च्या जानेवारींत मॅक्‌नॉटन नांवाच्या एका माणसानें इंग्लंडच्या मुख्य प्रधानाचे चिटणीस ड्रमंड यांस गोळी घातली. प्रधान पील समजून घातली असा समज आहे. तो भ्रमिष्ट ठरून निर्दोषी सुटला, लोक खवळले, आणि मग न्यायमूर्तींनीं वेडाची कसोटी घालून दिली: आपण काय करतों आहों, किंवा करतों तें गैर आहे, हें कळण्याची शक्तिच ज्याला रोगामुळें नव्हती तो गुन्हेगार नव्हे. तीच कसोटी आपल्या १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत आली, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत आज कायम आहे. परंतु निर्दोषी सुटला म्हणजे घरीं गेला असें नव्हे. अशा लोकांसाठीं इंग्लंडांत १८६३ त ब्रॉडमूर येथें खास आश्रम उघडला गेला. मॅक्‌नॉटनही अखेरीस तेथेंच गेला. तेथें खून केलेला एक अमेरिकन डॉक्टर, विल्यम मायनर, १८७२ पासून १९१० पर्यंत राहिला, आणि त्या कोठडींत बसून त्यानें इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या कोशासाठीं हजारों अवतरणें काढून पाठविलीं. कोठडी पुस्तकांनीं भरलेली, आणि रात्रीं फरशीखालून शत्रु येतात ही भीति तशीच. शहाणपण व वेड एकाच डोक्यांत शेजारीं शेजारीं राहूं शकतात, हें यावरून दिसतें.

ब्रॉडमूर, रॅम्प्टन व अॅशवर्थ या तीन जागा तेथें अतिसुरक्षित रुग्णालयें म्हणून आहेत. त्यांस बाहेरून पाहिलें तर तुरुंग म्हणावें. परंतु आंत वॉर्डर नसून परिचारक असतात, आणि राहणारा कैदी नसून रोगी असतो. १९५२ त ब्रॉडमूरहून एक रोगी पळाला आणि कांहीं तासांत त्यानें एका लहान मुलीचा जीव घेतला. तेव्हांपासून आसपासच्या गांवांत भोंगे बसविले गेले, आणि कित्येक दशकें दर सोमवारीं सकाळीं दहाला ते वाजवून पाहण्याची चाल होती. अलीकडे ते काढून टाकले. बरें झालें म्हणून १९७१ त सोडलेल्या ग्रॅहम यंग यानें सुटतांच आपल्या कारखान्यांतील सोबत्यांस विष घातलें, तेव्हां पुन्हा चौकशा झाल्या. त्यांत हें पुढें आलें कीं, एका बाजूस अतिकडक जागा व दुसऱ्या बाजूस साधें रुग्णालय, यांच्या मधें पायरीच नाहीं. बटलर समितीनें १९७४ त मधली पायरी सुचविली. त्यावरून मध्यम सुरक्षेचीं, व पुढें कमी सुरक्षेचीं रुग्णालयें निघालीं. मध्यम जागेचें जाळीचें कुंपण सुमारें पांच मीटर उंचीचें, कमी सुरक्षेचें सुमारें तीन मीटर. रोगी सुधारला कीं वरून खालीं उतरतो. आधीं सोबतीसह बागेंत, मग गांवांत, मग एकटा.

त्या लोकांनीं सुरक्षेचे तीन भाग केले आहेत आणि ते आम्हांस फार पटले. पहिली भिंत-कुलुपाची. दुसरी नियमांची: मोजदाद, झडती, किल्ल्यांचा हिशेब. तिसरी ओळखीची: परिचारकास आपला रोगी इतका ठाऊक असावा कीं आज त्यानें भाकरी अर्धी टाकली, कालपासून तो कोणाशीं बोलला नाहीं, हें त्याच्या लक्षांत यावें. व्हाइटमूरला भिंत होती आणि ओळखही होती. पण ती ओळख नियम मोडण्याच्या कामीं आली. तिन्ही एकत्र नसल्यास एकीचाही भरंवसा नाहीं. ज्याच्या गोठ्यांत मारकें जनावर आहे त्यास दावें, वेळ आणि जनावराची नजर या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

तुरुंग व रुग्णालय यांत एक भयंकर फरक आहे, तो मुदतीचा. कैद्यास तारीख असते. वेड्यास नसते. आसामांत मचांग लालुंग या नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणास १९५१ त मारहाणीच्या आरोपावरून धरलें, आणि वेडा म्हणून तेजपूरच्या रुग्णालयांत पाठविलें. १९६७ त डॉक्टरांनीं तो बरा असल्याचें कळविलें. त्यास घरीं पाठवावयाचें तें तुरुंगांत पाठविलें. खटला कधींच चालला नाहीं. २००५ त, चोपन्न वर्षांनीं, एक रुपयाच्या मुचलक्यावर त्यास सोडलें, तेव्हां गांवांत त्याला ओळखणारें कोणी उरलें नव्हतें म्हटलें तरी चालेल. २००७ त तो वारला. बिहारांत हजारीबाग तुरुंगांत वीस-वीस, तीस-तीस वर्षें असेच अडकलेले लोक १९८२ त सर्वोच्च न्यायालयापुढें आले. आणि जेथें सरकारी भिंत नव्हती तेथें सांखळी होती: तामिळनाडूंत एर्वाडी येथें ६ आगस्ट २००१ रोजीं खाजगी आश्रमाच्या झांपास आग लागली, आणि खांबांस बांधलेले अठ्ठावीस वेडे जळून मेले. कारण सांखळीची किल्ली वेळेवर सांपडली नाहीं किंवा कोणी शोधली नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें वेड्यास सांखळी घालण्यास पूर्ण बंदी केली आहे, आणि प्रत्येक राज्यांत निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यांत मानसिक रोग्यांची सोय असावी असें सांगितलें आहे. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. इंग्लंडांतल्यासारख्या तीन पायऱ्या आपल्याकडे नाहींत. तुरुंग, रुग्णालय आणि घर, एवढेच तीन मुक्काम, व त्यांतला तिसरा पुष्कळांस मिळत नाहीं.

तो कां मिळत नाहीं हें महसूल खात्यांत राहिलेल्यास विचारावें. या रुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षें पडून असलेले लोक आहेत. त्यांस न्यावयास कोणी येत नाहीं. चावडीवर मात्र लोक येतात. भाऊ वेडा झाला, किंवा भावास काळें पाणी लागलें, तर सातबारावरून त्याचें नांव कमी करावें, असा अर्ज घेऊन येणारे आम्हीं अनेक पाहिले. कोणी रुग्णालयांतून अंगठा उठवून आणलेला हक्कसोडीचा कागदही दाखवितो. तेव्हां येथें स्पष्ट लिहितों. शिक्षा झाल्यानें खातेदाराचा जमिनीवरील हक्क जात नाहीं. वेड लागल्यानेंही जात नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें ज्याचें मन ठिकाणावर नाहीं त्यानें त्या अवस्थेंत केलेला करार हा करारच नव्हे. तसा हक्कसोडीचा कागद त्याच्या अंगठ्यासह निरर्थक आहे. जमिनीची व्यवस्था पाहावयाची असल्यास न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तो पालक व्यवस्था पाहतो, मालक होत नाहीं. चुकून नोंद झालीच असेल तर ती फेरफारावर हरकत घेऊन, अगर पुढें अपिलांत, रद्द करवितां येते. रुग्णालयांतून परत आलेल्या मनुष्यासही हा हक्क आहे, आणि तलाठ्यानें त्याचा अर्ज घेऊन पोच दिली पाहिजे.